सीटीच्या कागदावरचे ५१२

पत्राचा गोषवारा, ओळख पटेल असे तपशील वगळून:

मी २९ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. अडीच आठवड्यांपूर्वी मध्यरात्री उजव्या कुशीत अशी कळ उठली की उभं राहवेना. मिस्टरांनी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पोटाचा एक्स-रे झाला, मग साधा सीटी स्कॅन. मूत्रवाहिनीत ४ मिलिमीटरचा खडा निघाला. पाळीचं विचारलं तेव्हा चार दिवस वर गेले होते, पण माझी नेहमीच मागेपुढे होते म्हणून 'येईल आता' एवढंच म्हणाले. ती आलीच नाही. दहा दिवसांनी पट्टीवर दोन रेषा आल्या. दोन वर्षांपूर्वी पहिलं राहिलेलं तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हापासून आम्ही वाटच बघत होतो. सीटीचं ऐकून आमचे डॉक्टर म्हणाले, "रिस्क कशाला घेता? तरुण आहात. नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांनी मोकळ्या व्हा." मिस्टरांनी सीडीतलं शेवटचं पान उघडलं तर त्यावर ५१२ आकडा. नेटवर म्हणे किरणांचा डोस ५०० मिलिग्रेच्या वर गेला तर गर्भाला गंभीर धोका. तेव्हापासून घरात हिरोशिमाच्या बाळांच्या गोष्टी चालल्यात. सासूबाई म्हणतात, वेडंवाकडं मूल जन्माला घालण्यापेक्षा थांबलेलं बरं. मिस्टर म्हणतात, तू ठरव. आता सातवा आठवडा आहे. मी आधीच नीट सांगितलं असतं तर हे झालंच नसतं, हे डोक्यातून जात नाही. काय करू?

ताई, आधी तो ५१२चा आकडा बघू. तुमच्या घरातली निम्मी भीती त्या एका आकड्यावर उभी आहे.

मिस्टरांनी त्या पानाचा फोटो सोबत पाठवला हे फार बरं केलं. बहुतेक लोक फक्त रिपोर्ट पाठवतात आणि रिपोर्टात खड्याशिवाय काही नसतं. फोटोत एक छोटा तक्ता दिसतो. वरच्या ओळीत मशीननं जागा ठरवण्यासाठी घेतलेलं प्राथमिक चित्र आहे, खालच्या ओळीत पोटाची खरी फेरी. फेरी एकच आहे, म्हणजे तुम्हाला दोनदा स्कॅन केलेलं नाही. त्या ओळीत दोन आकडे आहेत. ११.३ या आकड्यावर सीटीडीआय-व्हॉल, म्हणजे त्या फेरीचा डोस, असं लिहिलंय आणि त्याचं एकक मिलिग्रे आहे. ५१२ या आकड्यावर डीएलपी आहे आणि त्याचं एकक मिलिग्रे-सेंटिमीटर आहे. मोबाइलच्या पडद्यावर ते शेवटचं 'सेंटिमीटर' इतकं बारीक येतं की कुणाच्याही नजरेतून निसटावं.

डीएलपी म्हणजे डोस गुणिले स्कॅन केलेली लांबी. ५१२ला ११.३ने भागा, ४५ येतात. मूत्रपिंडांच्या वरपासून जांघेपर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर अंग यंत्राखालून गेलं, एवढाच त्याचा अर्थ. मीटरला ११० रुपये भावाचं कापड साडेचार मीटर घेतलं तर बिल ४९५ होतं, म्हणून कापडाचा भाव ४९५ होत नाही. मिस्टरांनी बिलाचा आकडा भाव म्हणून वाचला. त्यांना बोल लावू नका. हाच गोंधळ शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होतो.

मग गर्भाला किती मिळालं? ११.३ हा आकडा प्लास्टिकच्या ३२ सेंटिमीटर व्यासाच्या ठरावीक ठोकळ्यावरून काढतात, तुमच्या पोटावरून नव्हे. बारीक अंगाच्या बाईत प्रत्यक्ष डोस त्याहून थोडा जास्त भरतो, जाड अंगाच्या बाईत थोडा कमी. इतक्या लवकरच्या दिवसांत गर्भाचा डोस म्हणजे गर्भाशयाचाच डोस, आणि तो याच घरात असतो. एक्स-रेचे एक-दोन मिलिग्रे त्यात मिळवा. मी १५ धरते. अंगानं अगदीच किरकोळ असाल तर २० धरू. नेमका आकडा कसा काढून घ्यायचा ते पुढे सांगते, पण तो आला तरी ५००च्या जवळपाससुद्धा जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता या १५ ते २० मिलिग्रेचं करायचं काय? आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगानं २००० साली गरोदरपण आणि वैद्यकीय किरणोत्सर्ग या विषयावर ८४ क्रमांकाचं प्रकाशन काढलं. त्यात स्वच्छ म्हटलंय की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर तो गर्भपाताचं कारण मानू नये. जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रेडिऑलॉजिस्ट आजही याच शंभराच्या रेषेवर चालतात. १०० ते ५००च्या मधल्या बाईबद्दल त्या-त्या परिस्थितीत बसून विचार करावा लागतो. मिस्टरांनी वाचलेलं ५००चं वाक्य खरंच आहे, फक्त ते तुमच्याबद्दल नाही.

इथेच थांबले असते, पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "थोडं का होईना, रेडिएशन ते रेडिएशन, आत जाऊन काहीतरी बिघडवणारच ना?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. उत्तर थोडं लांब आहे.

सीटीचा किरण अंगातून जातो तेव्हा वाटेतल्या एखाद्या अणूतला इलेक्ट्रॉन तो उडवून लावतो. आयनीकारक म्हणतात ते एवढ्याचसाठी. सोनोग्राफीत, एमआरआयमध्ये किंवा मोबाइलच्या टॉवरकडून हे होत नाही. उडालेला इलेक्ट्रॉन पुढे धावताना आणखी इलेक्ट्रॉन उडवतो. पेशीत बहुतांश पाणी असतं, त्यामुळे सगळ्यात जास्त मार पाण्याच्या रेणूंनाच बसतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय चिडखोर तुकडे तयार होतात. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतंच त्यांचं आयुष्य, पण तेवढ्यात जवळ डीएनए असला तर त्याला ते धक्का देतात. एक्स-रेच्या नुकसानातला सुमारे दोन तृतीयांश वाटा असा पाण्यामार्फत होतो, उरलेला किरणाच्या थेट तडाख्यानं. यंत्र बंद झालं की हा सगळा प्रकार तिथेच संपतो. तुमच्या अंगात काही उरलेलं नाही आणि बाळाच्या अंगातही नाही. त्यामुळे 'शरीरातलं रेडिएशन काढणारे' काढे, आयोडीनच्या गोळ्या, उपास यांतलं काहीही घेऊ नका. काढायला आत काही नाहीच, आणि गरोदरपणात आयोडीनचा मोठा डोस बाळाच्या थायरॉइडला उलट त्रास देतो.

नुकसान कशावर ठरतं ते आता बघा. डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी एकच तुटली तर समोरच्या पट्टीवरून पेशी ती हुबेहूब भरून काढते. दोन्ही एकाच जागी तुटल्या तर जोडणी अवघड होते आणि कधी चुकीची होते. एक ग्रे, म्हणजे १००० मिलिग्रे, डोस मिळाला तर एका पेशीत साधारण हजार एकेरी तुटी आणि चाळीसेक दुहेरी तुटी होतात. तुमच्या बाबतीत १५ धरला तर पेशीमागे दुहेरी तूट सरासरी एकापेक्षाही कमी, अर्ध्याहून थोडी जास्त. कित्येक पेशींना एकही नाही. आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनमुळेच प्रत्येक पेशीच्या डीएनएला रोज हजारोंनी लहानसहान इजा होत असतात आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक दुरुस्त होते. किरणांची दुहेरी तूट त्या इजांपेक्षा चिवट असते, हे मान्य. पण दुरुस्ती करणारी यंत्रणा पेशीत पहिल्यापासून हजर असते, आणि नुकसानाचा आकडा तिच्या आवाक्यातला आहे.

गर्भाची भीती लोकांच्या मनात आली ती उगाच नाही. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्येच दाखवलं होतं की झपाट्यानं विभागणाऱ्या, अजून आपलं काम न ठरलेल्या पेशींना किरणांची झळ जास्त बसते. कॅन्सरच्या गाठीवर किरण चालतात ते याच कारणानं. असा किरणांचा शेक (रेडिओथेरपी) घेणाऱ्या माणसाला गाठीवर रोज साधारण २ ग्रे, म्हणजे २००० मिलिग्रे देतात, तेही काही आठवडे, आणि दोन दिवसांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी सावरून घेतात. गर्भाच्या पेशीही झपाट्यानं विभागतात, म्हणून गरोदर बाईला विनाकारण एक्स-रेखाली पाठवत नाहीत. पण 'विनाकारण पाठवू नये' आणि 'पाठवलं तर गर्भ पाडावा' यांच्यात फार मोठं अंतर आहे. तुमच्या डॉक्टरांनी ते एका वाक्यात ओलांडलं.

किरणांचे परिणाम दोन जातींचे असतात आणि घरात त्यांची गल्लत चाललीय, म्हणून वेगवेगळे सांगते.

एक जात अशी की एकाच वेळी खूप पेशी मेल्या तरच परिणाम दिसतो. त्वचा भाजणं, रक्तपेशी घटणं, आणि गर्भात व्यंग होणं हे सगळं यात येतं. इथे उंबरठा असतो. त्याच्या खाली चार-दोन पेशी गेल्या तर शेजारच्या पेशी त्यांची जागा घेतात आणि घडण चालू राहते. गर्भ रुजण्याआधीच्या दिवसांत तर मामला आर या पार असतो: मोठा डोस असेल तर गर्भ टिकतच नाही, टिकला तर सहसा धड असतो. तुमची पाळी अनियमित, त्यामुळे सीटीच्या दिवशी गर्भ नेमका किती दिवसांचा होता हे सोनोग्राफीवरूनच कळेल. पाळीच्या हिशेबानं पाच आठवडे म्हटलं तर गर्भधारणेपासून तीन, म्हणजे अवयव घडायला नुकती सुरुवात. तुम्हाला 'आर या पार'चा दिलासा मी मुद्दाम देत नाही, कारण दिवस कदाचित त्याच्या पुढे गेले असतील. आणि त्याची गरजही नाही. अवयव घडण्याच्या काळातला उंबरठासुद्धा १०० मिलिग्रेच्या आसपास किंवा त्याच्या वर धरतात.

हिरोशिमा-नागासाकीची बाळं याच जातीतली. १९४५च्या ऑगस्टमध्ये आईच्या पोटात असलेल्या सुमारे १६०० मुलांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यांतल्या ३० जणांना तीव्र बौद्धिक अपंगत्व आलं, आणि धोका सगळ्यात जास्त होता तो गर्भधारणेनंतरच्या ८ ते १५ आठवड्यांत, ज्या काळात मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी जातात. त्याआधीच्या आठवड्यांत असलेल्या बाळांमध्ये हा परिणाम दिसला नाही. शिवाय वाढ दिसली ती शेकडो मिलिग्रेचा डोस मिळालेल्या मुलांत. सासूबाईंच्या मनात हिरोशिमाचं जे चित्र आहे ते खोटं नाही. तुमच्या सीटीशी त्याचं प्रमाण जुळत नाही, इतकंच. त्यांना आणखी एक सांगा: बॉम्बमधून वाचलेल्या आईबापांना नंतर झालेल्या सुमारे ७७ हजार मुलांचा अभ्यास झाला आणि त्यांच्यात आनुवंशिक व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

दुसरी जात कॅन्सरची. इथे उंबरठा नसतो असं धरून चालतात, कारण एकाच पेशीतली एकच चुकीची जोडणीही पुढे कधीतरी महागात पडू शकते. डोस कमी झाला की शक्यता कमी होते, शून्य होते असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. मीही सांगणार नाही. ब्रिटनमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट या डॉक्टरबाईंनी १९५६ मध्ये दाखवलं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे झालेल्या आयांच्या मुलांत लहानपणीच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. त्या वेळी त्यांच्यावर फार कमी लोकांनी विश्वास ठेवला. नंतरच्या अभ्यासांतून सुमारे १० मिलिग्रेला ४० टक्के वाढ असा आकडा पुढे आला. नेटवर तुम्हाला हा ४० टक्क्यांचा आकडा आज ना उद्या भेटेलच, म्हणून मीच आधी सांगून टाकते. पण तो ४० टक्के कशाचा? लहानपणी कॅन्सर होण्याची मूळ शक्यताच फार थोडी. ज्या प्रकाशनाचा वर उल्लेख केला त्यात याचा तक्ता आहे: किरण मुळीच न मिळालेल्या बाळाला १९ वर्षांपर्यंत कॅन्सर न होण्याची शक्यता ९९.७ टक्के, १० मिलिग्रे मिळालेल्या बाळाला ९९.६, ५० मिलिग्रेला ९९.४. तुमचं बाळ यातल्या शेवटच्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, ९९.६च्या जवळ. व्यंग नसण्याची शक्यता त्याच तक्त्यात ० ला ९७ टक्के आहे आणि ५०लाही ९७च.

पत्रात सगळ्यात जास्त बोचलं ते तुमच्या डॉक्टरांचं वाक्य: "रिस्क कशाला घेता?" जणू गोळ्या घेऊन मोकळं होणं ही बिनजोखमीची बाजू आणि मूल ठेवणं ही जोखमीची. पण तुम्हाला हवं असलेलं, दोन वर्षं वाट पाहिलेलं मूल नसणं, हे नुकसान त्यांनी कुठल्या रकान्यात मांडलं? मला वाटतं, मांडलंच नाही. मूल ठेवलं आणि कर्मधर्मसंयोगानं काही झालं तर दोष डॉक्टरांवर येतो. पाडलं तर कुणी विचारायला येत नाही. माणूस वाईट असायची गरज नाही, व्यवस्थाच तसं बोलायला लावते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात फॅमिली डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना अशाच एका काल्पनिक गरोदर बाईबद्दल विचारलं होतं. तिथेही पोटाच्या सीटीनंतर गर्भपात सुचवणारे थोडे डॉक्टर निघालेच.

ही भीती किती महाग पडते त्याचं ग्रीसमधलं उदाहरण मी नेहमी देते. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलला स्फोट झाला. ग्रीस तिथून शेकडो मैल लांब, तिथल्या बायकांना त्यातून मिळालेला डोस एखाद्या मिलिसिव्हर्टच्या घरातला. एक्स-रेच्या बाबतीत तो मिलिग्रेइतकाच समजा. पण उलटसुलट बातम्या आणि घाबरलेले डॉक्टर यांमुळे जानेवारी १९८७ मध्ये तिथले जन्म एकदम घटले. अथेन्सच्या संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा हवी असलेली सुमारे अडीच हजार बाळं भीतीपोटी पाडली गेल्याचा अंदाज निघाला. तुमच्या बाळाला मिळालेल्या डोसपेक्षा ग्रीसमधला डोस कितीतरी कमी होता, पण दोन्ही शंभराच्या बरेच खाली.

नेटवर आणखी एक आकडा दिसेल: सामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा. '१ची मर्यादा आणि आपल्याला १५' असं मिस्टर म्हणायच्या आत सांगते, ती मर्यादा कारखाने, अणुभट्ट्या, एक्स-रे खोल्यांच्या भिंती यांच्यासाठी आहे. धोका सुरू होण्याची रेषा ती नव्हे आणि रुग्णाच्या तपासणीला ती लागूही नाही. एरवी जमीन, आकाश आणि अन्नातूनच माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. केरळात कोल्लमजवळच्या चवरा-करुणागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइटची, किरणोत्सर्गी थोरियमवाली वाळू आहे, तिथे काही वस्त्यांत याच्या कितीतरी पट मिळतात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे लोक तिथल्या नवजात बाळांची वर्षानुवर्षं नोंद ठेवत आलेत आणि जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं सापडलेलं नाही.

आता करायचं काय ते. पहिलं, घाई सोडा. नऊ आठवडे ही गोळ्यांच्या पद्धतीची मुदत आहे, निर्णयाची नव्हे. कायद्यानं गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतो. या आठवड्यात ठरवलंच पाहिजे असं काही नाही. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी तुम्हाला हे मूल नको असेल, तर तो तुमचा निर्णय आणि कायदा तुमच्या एकटीची संमती पुरेशी मानतो, नवऱ्याची सही लागत नाही. पण पत्रात मला तसं एकही कारण दिसलं नाही. दिसली ती फक्त सीटी.

या आठवड्यात सीटी केंद्रात जाऊन डोस रिपोर्टची छापील प्रत मागा. ते नाही म्हणाले तरी सीडीत तो आहेच. मग ज्या हॉस्पिटलात शेक देण्याचा विभाग आहे तिथे जा. तिथे मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांच्या डोसाचा हिशेब करणारा तज्ज्ञ, असतो, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार तो असावाच लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी असं हॉस्पिटल बहुधा सापडेल. जाताना सीडी, शेवटच्या पाळीची तारीख, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि स्वतःचं वजन-उंची घेऊन जा. त्यांना विचारायचं एवढंच: गर्भाशय स्कॅनच्या टप्प्यात पूर्ण आलं होतं का, फेरी एकच होती ना, आणि गर्भाचा अंदाजे डोस किती मिलिग्रे. उत्तर त्यांच्याकडून लेखी घ्या. अर्ध्या पानाचं काम आहे.

तो कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, आणि मिस्टरांना सोबत न्या. 'तू ठरव' म्हणणं वरवर उदार दिसतं, पण त्यात सगळा भार तुमच्या एकटीच्या पदरात पडतो. त्यांना आकड्यांची आवड आहे हे दिसतंच आहे. भागाकार त्यांनाच करू द्या. सासूबाईंना डीएलपी समजावत बसू नका. डॉक्टरांनी तोंडानं 'बाळ ठेवायला हरकत नाही' असं त्यांच्यासमोर सांगितलेलं जास्त उपयोगी पडेल.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण शंभरातली पंधरा आपोआप जातात, आणि जन्मणाऱ्या शंभर बाळांतल्या तिघांना काही ना काही व्यंग असतं. कुणाचंही सीटी न होता. तुमचं एकदा गेलेलं आहे. देव करो आणि तसं न होवो, पण झालं तर सगळं घर सीटीकडे बोट दाखवेल आणि तुम्ही स्वतःकडे. म्हणून फिजिसिस्टचा तो कागद तपासणीच्या फाइलमध्ये लावून घ्या आणि डॉक्टरांकडून त्यावर एक ओळ लिहून घ्या. पुढे कुणी बोललंच तर ते आज लिहिलेलं असू दे. बाकी सगळं इतर गरोदर बायांसारखंच: फॉलिक ॲसिड, आत्ता एक सोनोग्राफी, ११ ते १३ आठवड्यांची, मग १८-२० आठवड्यांची. सीटी झाली म्हणून जास्तीची कुठली तपासणी नको. सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते, तिला घाबरून ती टाळू नका.

आणि ते 'मी आधी सांगायला हवं होतं'. पाळीचं विचारलं तेव्हा तुम्ही खरं तेच सांगितलंत. त्याउपर लघवीची पट्टी लावून बघायचं काम विचारणाऱ्याचं होतं, कळ सोसणाऱ्या बाईचं नव्हे.

याच विषयावरची पत्रं दर महिन्याला येतात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. छातीचा, दाताचा किंवा हातापायाचा एक्स-रे गरोदरपणी झाला असेल तर गर्भाला मिळालेला डोस ०.०१ मिलिग्रेच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्यासाठी फिजिसिस्टकडेही जायची गरज नाही. डोक्याच्या आणि छातीच्या सीटीतही पोटाकडे जातात ते फक्त इकडेतिकडे विखुरलेले किरण. शिशाचा एप्रन दिला नाही म्हणून भांडू नका, पोटाच्याच सीटीत तर तो घालताही येत नाही, आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञ परिषदेनं २०२१ मध्ये पोटाच्या एक्स-रेसाठी तो नेमानं वापरायची पद्धत बंद करा असं सुचवलं आहे. नवऱ्याचा एक्स-रे झाला होता म्हणून बाळाची काळजी करणाऱ्यांनी वरचा ७७ हजारांचा आकडा वाचावा. अपघात किंवा फुप्फुसात गुठळीची शंका असेल तर गरोदर आहे म्हणून सीटी नाकारू नका, आई वाचली तर बाळ वाचतं. दोन प्रकार मात्र खरंच वेगळे आहेत आणि त्यांत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये: थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध, कारण ते शरीरात राहतं आणि दहाव्या आठवड्यानंतर बाळाचा थायरॉइडही ते ओढून घेतो; आणि ओटीपोटावरचा किरणांचा शेक. आयोडीन घेतल्यावर डॉक्टर सांगतील तितके महिने, बहुधा सहा, दिवस राहू देऊ नयेत.

तुमचा खडा अजून आत असेल, या सगळ्या धांदलीत त्याचं नावच कुणी घेतलेलं दिसत नाही. ४ मिलिमीटरचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. पाणी भरपूर प्या, पुढची तपासणी सोनोग्राफीनंच करायला सांगा, आणि मागच्या वेळच्या वेदनाशामक गोळ्या उरल्या असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. कळेसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर रात्र असली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि दारातच सांगा की सातवा आठवडा चालू आहे.